वरच्या पट्टीतली मिसिंग

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा क्रँक मिनिटाला ६,००० फेरे घेऊ लागला की सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीमागे एक छोटा स्फोट होतो आणि त्या २०० स्फोटांचा मिळून एक स्वर तयार होतो. पेटीवर शोधला तर तो पांढरी पाचच्या अगदी जवळ सापडतो. कित्येक गायिका याच सुरात तानपुरा लावून बसतात. शर्यतीसाठी बांधलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून ७,००० पर्यंत एका दमात चढते, तेव्हा कान जागा असलेल्याला ती सलग, न तुटणारी मींड ऐकू येते. ही मींड अगदी वर, षड्ज लागायच्या बेतात असताना तुटली, आणि रोज तिथेच तुटू लागली, तर त्या तुटण्याला काही आकार असतो का? तो वाचता येतो का? वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या एका मिस्त्रींनी असं एक तुटणं, गॅरेजच्या भाषेत मिसिंग, वाचलं. त्या वाचनाचं हे रसग्रहण.

जऊळका रेल्वे हे मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा मार्गावरचं गाव. इथे मीटरगेजची गाडी यायची; २००८ साली मार्ग ब्रॉडगेज झाला. शिवार सोयाबीन-तुरीचं आहे. मिस्त्रींच्या शेडमध्ये येतं ते काम ट्रॅक्टरचं, मळणी यंत्राचं, जुन्या दोनचाकींचं. स्पोर्ट्स कार इथे येण्याचं कारण इतकंच, की तिचा मालक या गावचा. नोकरीला पुण्यात आहे. गाडी फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी बांधलेली, म्हणून ट्रेलरवरून आली. हे मुद्दाम नोंदवतो. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल केलेलं वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावर चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून सरळ जातो, पण तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि तो चाचणीचा ट्रॅक नव्हे.

गाडी दोन आसनी, फायबरच्या बॉडीची. इंजिन जुन्या घडणीचं: एक इग्निशन कॉइल, तिच्यातून निघालेला करंट चार प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर, आणि इंधनाला कार्बोरेटर. त्यावर मालकाने मन लावून काम केलं होतं. हेड घासून कॉम्प्रेशन ९ वरून साडेदहावर नेलं. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम टाकला, कार्बोरेटर दोन केले, फ्लायव्हील हलकं केलं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घेतल्या. मूळ इंजिन ५,८०० च्या पुढे जायचं नाही. हे ७,२०० पर्यंत जावं अशी अपेक्षा होती. ते ६,५०० च्या आसपास झटके मारायचं, सायलेन्सरमधून फटाके वाजायचे आणि गाडी तिथेच अडायची. प्लग नवे झाले, वायरी नव्या झाल्या, फ्युएल पंप बदलला, कार्बोरेटरचे जेट मोठे झाले. झटके होते तिथेच होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी मालकाला फोनवरचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. गाडी डायनोवर, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, असतानाचं होतं ते. त्यांनी ते तीनदा ऐकलं आणि विचारलं, "एकच सिलिंडर बसून राह्यला का चारही?" मालक म्हणाला, "कसं कळणार काका?"

इथे थांबावंसं वाटतं, कारण त्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तर होतं. एकच सिलिंडर दर फेरीला चुकत असता, तर २०० च्या स्वराखाली आणखी एक स्वर उमटला असता. चार स्ट्रोकच्या इंजिनात ६,००० फेऱ्यांना एका सिलिंडरचा वाटा सेकंदाला ५० ठिणग्यांचा. म्हणजे एक सिलिंडर मेला की सेकंदाला ५० वेळा तीच खाच पडते, आणि ५० हा २०० च्या बरोबर दोन सप्तकं खाली येतो. कान तयार असेल तर तो खर्ज स्पष्ट लागतो. या रेकॉर्डिंगमध्ये खर्ज नव्हता. वरच्या स्वरात अधूनमधून, कुठल्याही ठेक्यात न बसणाऱ्या फटी होत्या. दोष चारही सिलिंडरांना सारखाच, कधी याला तर कधी त्याला, गाठत होता. सुटी वायर, तडकलेला प्लग, एखादा जळका व्हॉल्व्ह असल्या एकाच सिलिंडरच्या तक्रारी त्या क्षणी बाजूला पडल्या. कारण सामाईक ठिकाणी होतं. कॉइल, इंधन, टायमिंगचा सिग्नल किंवा सगळ्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगा. वस्तूला हात न लावता यादी चारावर आली, आणि या सगळ्या वाचनातला मला सर्वांत सुंदर वाटलेला भाग हाच आहे.

पुढचा धागा फटाक्यांचा. गावोगावचे मेकॅनिक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत, की कार्बोरेटरकडे थुंकी उडाली तर इंधन कमी किंवा टायमिंग चुकीचं, आणि सायलेन्सरमध्ये फटाका फुटला तर ठिणगी चुकली. यामागचं शास्त्र सरळ आहे. ठिणगी पडली नाही तर सिलिंडरमधलं न जळलेलं मिश्रण तसंच बाहेर जातं आणि तापलेल्या नळीत पेट घेतं. इंधन कमी पडलं तर बाहेर जाऊन जळायला काही उरतच नाही. गाडी झटका न देता दबते, हळूहळू मरगळते. शिवाय कार्बोरेटरची वाटी रिकामी व्हायला काही सेकंद लागतात. म्हणून इंधनाचा दोष वरच्या गिअरमध्ये, जिथे गाडी त्याच आरपीएमवर जास्त वेळ रेंगाळते, तिथे आधी दिसतो. मालक म्हणाला, दुसऱ्या काय आणि चौथ्या काय, आकडा तोच येतो. इंधन यादीतून गेलं.

पण मग लॅम्डा मीटरचं काय? मालकाने एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवला होता आणि झटक्याच्या क्षणी तो ठामपणे सांगत होता, मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय. त्यावरच विसंबून जेट मोठे झाले होते. हा मीटर खोटं बोलत नव्हता, फक्त त्याला वेगळाच प्रश्न विचारला गेला होता. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरला जाता बाहेर येतो आणि सेन्सरला वाटतं, इथे हवा जास्त आहे. मिश्रण कितीही दाट असो, चुकलेली ठिणगी मीटरवर लीनच दिसते. हा दोष वाचणाऱ्याला चकवणारी ही सर्वांत पक्की जागा आहे, आणि शहरातल्या महागड्या यंत्रांपुढे बसलेले अनेकजण इथेच घसरतात. पेट्रोल वाढवावं तसा प्लग काजळतो, काजळीवरून करंट गळतो, मिसिंग वाढते, मीटर आणखी लीन दाखवतो, आणि पुन्हा जेट मोठा होतो.

मिस्त्रींनी मीटरशी वाद घातला नाही. प्लग काढून ओळीने गोणपाटावर मांडले. चारही काळे, मखमली काजळीचे, आणि चारही अगदी सारखे. लीन चाललेल्या इंजिनाचा प्लग पांढरट पडतो. हे पेट्रोल जास्त झाल्याचं साक्षीपत्र होतं. मीटर एक सांगतो आणि प्लग दुसरं, तेव्हा मी प्लगचं मानतो. मीटर पाइपात उभा राहून धूर बघतो, प्लग आगीच्या आत असतो. चारही प्लग सारखे असणं हे मघाच्या हरवलेल्या खर्जाशी तंतोतंत जुळत होतं. (एक लहान गोष्ट जाता जाता: चिनीमातीवर, लोखंडी कड्याच्या अगदी वर एक तपकिरी वलय दिसतं, ते बघून मालक हबकला होता. ते करंट गळल्याचं चिन्ह नसतं. उच्च दाबाच्या विजेभोवती हवेतले तेलकट कण खेचले जाऊन तो डाग पडतो. गळतीची खूण उभी असते, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक.)

आता राहिले तीन. मिस्त्रींनी इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये रेस दिली, सावकाश, पाच, सहा, सात हजार. एकही झटका नाही. स्वर काचेसारखा. स्प्रिंगा कमी पडून व्हॉल्व्ह तरंगत असते तर लोड असो-नसो, त्याच आकड्याला भिंत लागली असती. स्प्रिंगेला आरपीएम कळतो, लोड कळत नाही. डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप चुकत असता तरी तेच झालं असतं, वर आरपीएमचा काटाही उडाला असता. काटा स्थिर होता. मग त्यांनी रेस खाली आणली आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबला. थ्रॉटल फाडकन उघडला की क्षणभर सिलिंडर काठोकाठ भरतो, लोड असल्यासारखा. सुई वर गेली आणि टोकाला फट्-फट्-फट् झालं. तेच फटाके, जऊळक्याच्या शेडमध्ये, डायनोशिवाय.

ठिणगीला लोड कळतो. प्लगच्या फटीत जितकी दाट हवा, तितकं ती फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दाब, अंतर आणि व्होल्टेज यांचं हे नातं मांडलं. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडा, सिलिंडरमधली हवा विरळ, ठिणगीला उडी सोपी. मग एक अडचण उरते, आणि खरा रसिक इथे पुढे सरसावून बसतो. सिलिंडर सर्वांत जास्त भरतो तो टॉर्कच्या शिखरावर, या गाडीत पाच हजारांच्या जवळपास. ठिणगीची परीक्षा दाबाचीच असती तर ती तिथे विझायला हवी होती. तिथे गाडी मखमल. सहाच्या पुढे भरणं हळूहळू कमी होतं, म्हणजे ठिणगीचं काम थोडं सोपं होतं, आणि ती नेमकी तिथे हरते. का?

मिस्त्री कॉइलच्या डब्यावर बोटाने टकटक करत म्हणाले, "हिले दम घ्याले टाइमच भेटून नाई राह्यला, बाबू."

या एका वाक्यात सगळं आलं. कॉइल ठिणगी साठवून ठेवत नाही. दर ठिणगीआधी तिच्यात करंट चढू द्यावा लागतो, आणि तो चढायला वेळ लागतो. चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असेल तर ३,००० फेऱ्यांना दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद मिळतात. ६,००० ला ५. आणि मालकाला हव्या असलेल्या ७,२०० ला जेमतेम ४.२. त्यातच आधीची ठिणगी जळून संपायची आणि पुढची भरायची. करंट दोन तृतीयांशावर अडला, तर साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने निम्म्याहूनही खाली जाते. म्हणजे दोन रेषा काढा. एक ठिणगीची गरज: ती टॉर्कच्या शिखरापाशी उंच, मग हलकी उतरती. दुसरी कॉइलची ऐपत: खालच्या आरपीएमला भरपूर, वर जाता जाता झपाट्याने घसरणारी. न्यूट्रलमध्ये ऐपत कमी पण गरज त्याहून कमी. पाच हजारांवर गरज मोठी पण ऐपत त्याहून मोठी. वरच्या उजव्या कोपऱ्यात, फक्त तिथे, दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. मिसिंग त्या छेदाच्या जागी राहत होती.

आता मालकाने केलेले बदल या आकृतीवर ठेवून बघा. कॉम्प्रेशन वाढवलं, गरजेची रेषा वर गेली. नव्या कॅममुळे इंजिन वरच्या आरपीएमलाही चांगलं भरू लागलं, म्हणून ती रेषा उतरेनाशी झाली. मर्यादा ७,२०० वर नेली, म्हणजे कॉइलच्या उतारावर आणखी खाली जायचं ठरवलं. मूळ इंजिन या कोपऱ्यात कधी गेलंच नव्हतं, म्हणून तीच कॉइल त्याला आयुष्यभर पुरली. कुठलाही भाग नादुरुस्त नव्हता. नवे प्लग, नव्या वायरी, नवा पंप यांनी काही होणार नव्हतं, कारण बिघडलेली वस्तू गाडीत नव्हतीच.

हे दुखणं नवं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये वर्षानुवर्षं बनलेली फिएट, पुढची पद्मिनी, १,०८९ सीसीची आणि साधारण ४० अश्वशक्तीची घरगुती गाडी. तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, असायचे. ही पद्धत चार्ल्स केटरिंगची, १९१० च्या कॅडिलॅकपासून रुळलेली. पॉइंट किती वेळ जुळलेले राहणार हे कोनावर ठरतं, म्हणून आरपीएम दुप्पट झाला की कॉइलला मिळणारा वेळ निम्मा होतो. वर पॉइंटची छोटी स्प्रिंग वेगात उसळू लागते. घरगुती वापराला हे सगळं पुरून उरायचं. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच गाड्या शर्यतीत उतरायच्या, तेव्हा त्या ट्यून करणाऱ्यांना पॉइंटचं गॅप आणि कॉइल यांच्याशी रात्र-रात्र झगडावं लागे. त्यांच्यापैकी कोणी हे लिहून ठेवलं असतं तर मराठीत आज एक चांगलं पुस्तक असतं.

मिस्त्रींचा अंदाज बरोबर होता, पण त्यांनी त्यावर कॉइल बदलली नाही. आधी अंदाजाला छळलं. प्लगचं गॅप ०.९ मिलिमीटर होतं, ते वाढवून १.१ केलं. बहुतेक लोक दोष घालवून बघतात. त्यांनी वाढवून बघितला. अचानक रेस दिल्यावर फटाके आता सहा हजारांच्या आतच आले. मग गॅप ०.७ वर आणलं. सात हजारांपर्यंत आवाज साफ. एकाच गोष्टीला हात लावला आणि दोष दोन्ही दिशांना तिच्यामागे सरकला. याहून चोख पुरावा मला तरी माहीत नाही.

दुसरा पुरावा वैशाखाने दिला. पहाटे, थंड इंजिनखोलीत, मूळ गॅपला झटके जिथे येत, त्याहून खालच्या आकड्याला ते दुपारी येत. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. कॉइल ६० अंशांनी जास्त तापली तर जवळपास पाव हिस्सा. रोध वाढला की करंट कमी, ऐपतीची रेषा आणखी खाली. मिस्त्रींनी टर्मिनल कोरडे ठेवून डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं, थोडा वेळ थांबले, आणि आकडा पुन्हा वर सरकला. आमच्या उन्हाळ्याचा असा उपयोग कोणी केलेला मी पाहिला नव्हता.

अर्थिंगही तपासलं. फायबरच्या बॉडीत ते टाळून चालत नाही. पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच परतीची वाट असते. फायबरमध्ये प्रत्येक अर्थ वायरीने चेसिसपर्यंत न्यावा लागतो.  इथे मीटर लावून बघितलं, सगळं ठीक होतं. पुढे सरकलो.

उपायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ०.७ चं गॅप ही तडजोड आहे. वर आवाज साफ होतो, पण आयडलला ठिणगी आखूड पडून इंजिन अडखळतं. सीडीआय लावता येतो. दोनचाकींमुळे तो गावोगाव माहीत आहे. त्यात कॉइलऐवजी कपॅसिटर भरतो आणि तो फार झटकन भरतो, म्हणून वरच्या आरपीएमला दमत नाही. पण त्याची ठिणगी फार थोडा वेळ टिकते आणि पातळ मिश्रणाला ती पुरत नाही. या इंजिनाला योग्य उत्तर एकच होतं, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल. मग ७,२०० लाही प्रत्येकीला ४.२ ऐवजी १६.७ मिलिसेकंद मिळतात. मिस्त्री म्हणाले, हे माझ्या शेडचं काम नाही, क्रँकवर दातेरी चकती आणि सेन्सर लागेल, पुण्याला करा. आपलं काम कुठे संपतं हे त्यांना माहीत होतं. चिठ्ठीवर त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या: कॉइल चार करा, गॅप ०.९ ठेवा, बाकी कशाला हात लावू नका.

पुण्यात तसंच झालं. डायनोवर गाडी ७,२०० पर्यंत न तुटता चढली. ठिणगी प्रत्येक वेळी पडू लागल्यावर लॅम्डा मीटरलाही खरं दिसू लागलं, आणि त्याने सांगितलं की मिश्रण फार दाट आहे. मोठे केलेले जेट काढून जुनेच पुन्हा बसवावे लागले.